प्रकाशाच्या पुढे कोण?

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात पॅसाडेना नावाचे शहर आहे. तेथे नासा या संस्थेची जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळा आहे. १८ फेब्रुवारी २०२१ या दिवशी या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ आपापल्या पडद्यांकडे डोळे लावून बसले होते. त्यांनी पाठवलेली 'पर्सिव्हिअरन्स' नावाची सहाचाकी गाडी त्या दिवशी मंगळ ग्रहावर उतरायची होती. ही गाडी तयार करायला शेकडो माणसांनी अनेक वर्षे कष्ट केले होते. तिचे वजन एक टनाहून थोडे जास्त होते.

उतरण्याचे काम मोठे कठीण होते. यान मंगळाच्या वातावरणात शिरले, तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २० हजार किलोमीटर होता. अवघ्या सात मिनिटांत हा वेग जवळजवळ शून्यावर आणायचा होता. वेळेवर हवाई छत्री उघडायची, उष्णतेपासून रक्षण करणारे कवच टाकून द्यायचे, खालची जमीन पाहून सपाट जागा निवडायची आणि शेवटी दोरांच्या साहाय्याने गाडी अलगद खाली सोडायची, एवढी सगळी कामे त्या सात मिनिटांत व्हायची होती. एक जरी चूक झाली, तरी सारे श्रम वाया जाणार होते.

मुलांनो, तुम्हांला वाटेल, की प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ बटणे दाबून यानाला पटापट हुकूम देत असतील. पण तसे नव्हते. ते नुसते वाट पाहत होते. यानाला मदत करणे त्यांच्यापैकी कोणालाच शक्य नव्हते.

असे का बरे?

त्या दिवशी मंगळ पृथ्वीपासून सुमारे २० कोटी ४० लाख किलोमीटर दूर होता. यान रेडिओलहरींच्या मदतीने संदेश पाठवत होते. हे अंतर कापायला त्या लहरींना ११ मिनिटे २२ सेकंद लागत होती. यान मंगळाच्या वातावरणात शिरल्याची बातमी पृथ्वीवर पोचली, तेव्हा मंगळावर काय झाले असेल, याचा हिशोब करून पाहा. गाडी जमिनीवर पोचून चार मिनिटे उलटून गेली होती. ती सुखरूप उभी होती की तिचे तुकडे झाले होते, हे मात्र पॅसाडेनात कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून उतरण्याची सगळी कामे यानातील संगणकाला आधीच शिकवून ठेवली होती. संगणकाने कॅमेऱ्यातून जमीन पाहिली, आपल्याजवळच्या नकाशाशी ती ताडून पाहिली आणि जागा निवडली.

अखेर संदेश आला. या मोहिमेतील एक प्रमुख अभियंता स्वाती मोहन यांनी गाडी जमिनीला टेकल्याचे जाहीर केले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. स्वाती मोहन यांचा जन्म बंगळूरचा. लहानपणीच त्या आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेल्या.

आता तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. जी माणसे मंगळावर गाडी उतरवतात, ती आणखी वेगवान संदेश का पाठवत नाहीत? अकरा मिनिटांच्या जागी एका मिनिटात पोचणारा संदेश का शोधून काढत नाहीत?

याचे उत्तर असे, की तसा संदेश असूच शकत नाही. रेडिओलहरी प्रकाशाच्याच वेगाने जातात आणि प्रकाशापेक्षा अधिक वेगाने जगातील कोणतीही वस्तू किंवा कोणताही संदेश जाऊ शकत नाही. हा निसर्गाचा नियम आहे. तो माणसाला कसा कळला, ते आपण पाहू या.

पावसाळ्यात तुम्ही वीज चमकताना पाहिली असेल. आधी लख्ख उजेड दिसतो आणि मग थोड्या वेळाने गडगडाट ऐकू येतो. खरे तर दोन्ही एकाच वेळी निघालेले असतात. परंतु ध्वनी हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटरच जातो. प्रकाश मात्र क्षणात आपल्यापर्यंत येतो. इतक्या वेगाने जाणाऱ्या प्रकाशाचा वेग मोजायचा तरी कसा?

अमेरिकेत अल्बर्ट मायकेल्सन नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी आयुष्यभर हाच ध्यास घेतला होता. इ. स. १८७९ मध्ये ते अ‍ॅनापोलिस येथील नौदलाच्या विद्यालयात शिकवत होते. तेथे त्यांनी एक आरसा वेगाने फिरत ठेवला आणि दुसरा आरसा सुमारे ६०० मीटर अंतरावर स्थिर ठेवला. फिरत्या आरशावर पडलेला प्रकाश दूरच्या आरशाकडे जाई आणि तेथून परत येई. या जाण्यायेण्याला किती वेळ लागत असे, ठाऊक आहे? एका सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यांतले फक्त चार भाग! परंतु तेवढ्यातही फिरता आरसा किंचित वळलेला असे. त्यामुळे परत आलेला प्रकाशाचा ठिपका थोडा बाजूला सरकलेला दिसे. तो किती सरकला, हे मोजून मायकेल्सन यांनी प्रकाशाचा वेग काढला. पुढे १९२६ साली त्यांनी कॅलिफोर्नियातील दोन डोंगरांमध्ये, सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर, हाच प्रयोग अधिक काटेकोरपणे केला.

आज आपल्याला हा वेग नेमका माहीत आहे. निर्वात पोकळीतून प्रकाश एका सेकंदात २,९९,७९२ किलोमीटर आणि वर सुमारे अर्धा किलोमीटर जातो. आपण सोयीसाठी तीन लाख किलोमीटर म्हणू या. प्रकाशाला पृथ्वीभोवती फिरता आले असते, तर 'एक' म्हणेपर्यंत त्याच्या साडेसात प्रदक्षिणा झाल्या असत्या! पाण्यातून किंवा काचेतून जाताना प्रकाश थोडा मंदावतो. पण पोकळीतील त्याचा वेग ही सगळ्या वेगांची शेवटची सीमा आहे.

ही सीमा का आहे, हे समजण्यासाठी मायकेल्सन यांचा दुसरा एक प्रयोग पाहायला हवा.

समजा, एक बस ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली आहे. तुम्ही सायकलवरून तिच्या मागे ताशी १५ किलोमीटर वेगाने निघालात. तर ती बस तुमच्यापासून ताशी २५ किलोमीटर वेगाने दूर जाईल. तुम्ही जोर लावून वेग २० केलात, तर ती २० च्या वेगाने दूर जाईल. तुमचा वेग वाढेल, तसतशी बस तुम्हांला मंद भासेल. तुम्हीही ताशी ४० किलोमीटरने गेलात, तर ती तुमच्या शेजारीच राहील. हे अगदी सरळ आहे.

मग प्रकाशाचा पाठलाग केला, तर तोही मंद भासायला हवा. आपली पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते. म्हणजे आपण सगळे एका भरधाव वाहनातच बसलेलो आहोत. पृथ्वी ज्या दिशेने जाते त्या दिशेला जाणारा प्रकाश आणि आडवा जाणारा प्रकाश यांच्या वेगात फरक पडायला हवा, असे त्या काळच्या शास्त्रज्ञांना वाटत होते.

इ. स. १८८७ मध्ये क्लीव्हलंड शहरात मायकेल्सन आणि त्यांचे सहकारी एडवर्ड मॉर्ले यांनी हा फरक शोधायचे ठरवले. उपकरणाला जराही हादरा बसू नये, म्हणून त्यांनी ते एका जाड दगडी शिळेवर बसवले आणि ती शिळा पाऱ्यावर तरंगत ठेवली. शिळा हळूहळू फिरवून त्यांनी सगळ्या दिशा तपासल्या. पण त्यांना अपेक्षित फरक सापडला नाही. प्रकाश सगळीकडे सारख्याच वेगाने जात होता! त्यांना वाटले, आपला प्रयोग फसला. पण जगातील मोठ्या शोधांना वाट दाखवणारा हा प्रयोग ठरला.

पुढे १९०५ साली अल्बर्ट आइन्स्टाइन या तरुण शास्त्रज्ञाने सांगितले, की कोणीही, कितीही वेगाने जात असताना प्रकाशाचा वेग मोजला, तरी तो तेवढाच भरतो. आता याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. समजा, तुम्ही एका अंतराळयानातून प्रकाशाच्या किरणाचा पाठलाग सुरू केला. तुमचे यान सेकंदाला एक लाख किलोमीटर वेगाने निघाले. तरी तो किरण तुमच्यापासून सेकंदाला तीन लाख किलोमीटर वेगानेच दूर जाताना दिसेल. तुम्ही वेग दोन लाख केला, तरी तेच! अडीच लाख केला, तरी तेच! बस जशी मंद भासू लागली होती, तसे येथे कधीच होत नाही. पाठलाग करणाऱ्यासाठी प्रकाश नेहमी पूर्ण वेगानेच पुढे असतो. मग त्याला गाठणार कसे? आणि ज्याला गाठता येत नाही, त्याच्या पुढे तरी जाणार कसे?

ही गोष्ट विचित्र वाटते, नाही का? ती खरी ठरण्यासाठी वेगाने जाणाऱ्याचे घड्याळ थोडे मंद चालायला हवे, असे आइन्स्टाइन यांचे गणित सांगत होते. १९७१ साली हाफेल आणि कीटिंग या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी चार अतिशय अचूक घड्याळे नेहमीच्या प्रवासी विमानांतून जगाभोवती फिरवून आणली. विमानाचा वेग आणि त्याची उंची या दोन्हींचा परिणाम त्या घड्याळांवर व्हायला हवा होता. परत आल्यावर त्यांनी ती वॉशिंग्टन येथील घड्याळांशी ताडून पाहिली. सेकंदाच्या अब्जांश भागांइतका फरक पडला होता, आणि तो आइन्स्टाइन यांच्या गणिताशी जुळत होता.

तरी कोणी म्हणेल, की पाठलागाची गोष्ट राहू द्या. एखादी वस्तू आपण जोराने ढकलत राहिलो, ढकलतच राहिलो, तर कधी ना कधी ती प्रकाशाच्या पुढे जाणारच! तिला अडवणार कोण?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत विल्यम बर्टोझी यांनी नेमके हेच करून पाहिले. १९६४ साली त्यांनी आपल्या प्रयोगाची माहिती प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांना हा प्रयोग पाहता यावा, म्हणून त्याचा चित्रपटही काढला होता. बर्टोझी यांनी ढकलण्यासाठी फार हलकी वस्तू निवडली, ती म्हणजे इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन हे अणूतील अतिसूक्ष्म कण असतात. त्यांना विजेच्या जोराने ढकलून ८.४ मीटर लांबीच्या वाटेवर सोडायचे आणि ती वाट ओलांडायला किती वेळ लागतो, हे मोजायचे, असा तो प्रयोग होता.

पहिल्या खेपेला इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे २ लाख ६० हजार किलोमीटर वेगाने गेले. मग बर्टोझी यांनी त्यांना दुप्पट ऊर्जा दिली. वेग झाला सुमारे २ लाख ७३ हजार किलोमीटर. शेवटी त्यांनी पहिल्या खेपेच्या तीसपट ऊर्जा दिली. जुन्या हिशोबाप्रमाणे ऊर्जा चौपट केली, की वेग दुप्पट व्हायला हवा. त्या हिशोबाने तीसपट ऊर्जेला वेग पाचपटीहून अधिक व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो तीन लाखांच्या जवळ येऊन थांबला. त्यापुढे गेला नाही.

मग ती जास्तीची ऊर्जा गेली कोठे? वाटेत सांडली तर नाही ना? बर्टोझी यांनी याचीही खात्री करून घेतली. वाटेच्या शेवटी त्यांनी ॲल्युमिनियमची चकती ठेवली. इलेक्ट्रॉन तिच्यावर आदळले, की ती तापत असे. ती किती तापली हे पाहिल्यावर कळले, की इलेक्ट्रॉनांनी दिलेली ऊर्जा पूर्णपणे बरोबर आणली होती. ऊर्जा वाढली होती. पण वेग वाढला नव्हता.

हे असे समजा. एक माणूस हातगाडी ढकलत आहे. तो जितका जोर लावतो, तितके धान्याचे एकेक पोते जणू त्याच गाडीत येऊन पडते. सुरुवातीला गाडी हलकी असते, म्हणून ती झटकन वेग घेते. पुढे पुढे ती जड होत जाते. मग दुप्पट जोर लावला, तरी वेग नावापुरताच वाढतो. इलेक्ट्रॉनांत पोती येऊन पडत नाहीत, हे तर खरेच. पण त्यांना दिलेली ऊर्जा त्यांचा वेग वाढवण्याऐवजी त्यांचे पुढचे ढकलणे अधिक कठीण करते. प्रकाशाचा वेग गाठायचा, तर न संपणारी ऊर्जा लागेल. तेवढी ऊर्जा साऱ्या विश्वातही नाही.

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे तर इलेक्ट्रॉन ढकलण्यासाठी ३.२ किलोमीटर लांबीचे यंत्र १९६६ सालापासून चालू झाले. पुढे त्याची क्षमता वाढवण्यात आली, तेव्हा त्यातील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या अगदी जवळ पोचले. किती जवळ? प्रकाश आणि ते इलेक्ट्रॉन यांची शर्यत लावली, तर एका सेकंदात प्रकाश तीन लाख किलोमीटर जाईल आणि इलेक्ट्रॉन त्याच्या मागे फक्त दीड सेंटीमीटर राहतील. तुमच्या बोटाच्या रुंदीएवढे अंतर! पण तेवढे अंतर भरून काढणे त्या प्रचंड यंत्रालाही जमले नाही.

आता एखादी हुशार मुलगी म्हणेल, "मी पृथ्वीपासून चंद्रापर्यंत पोचेल एवढी लांब लोखंडी काठी घेईन. काठीचे हे टोक ढकलले, की ते टोक त्याच क्षणी हलेल. मग संदेश पोचलाच की!"

युक्ती चांगली आहे. पण मालगाडी सुटताना तुम्ही पाहिली आहे का? इंजिन हलते, तेव्हा शेवटचा डबा त्याच क्षणी हलत नाही. आधी पहिला डबा हलतो, मग दुसरा, मग तिसरा. 'खड् खड् खड्' असा धक्का पुढून मागे जातो. काठीतही असेच घडते. काठी अगणित अणूंची बनलेली असते. एक अणू शेजारच्या अणूला ढकलतो, तो पुढच्याला ढकलतो. आपल्या हातातील लहान काठीत हे इतके चटकन होते, की दोन्ही टोके एकदम हलली असे वाटते. पण लोखंडातून हा धक्का सेकंदाला सुमारे पाच किलोमीटरच जातो. चंद्र आपल्यापासून सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर आहे. म्हणजे काठीचे दुसरे टोक हलायला सुमारे २१ तास लागतील! प्रकाशाचा किरण तेथे सव्वा सेकंदात पोचलेला असेल. काठी कितीही कठीण पदार्थाची केली, तरी तिच्यातील धक्का प्रकाशाला मागे टाकू शकत नाही.

दुसरा एखादा मुलगा म्हणेल, "मी प्रखर प्रकाशाची विजेरी चंद्रावर रोखीन आणि मनगट झटकन फिरवीन. चंद्राच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत प्रकाशाचा ठिपका क्षणार्धात जाईल." खरे आहे. चंद्राची रुंदी सुमारे ३,४७४ किलोमीटर आहे. मनगटाच्या एका झटक्याने ठिपका ती सेकंदाच्या शंभराव्या भागातच ओलांडील. हा वेग प्रकाशाहून अधिक झाला! मग नियम मोडला का?

नाही मोडला. बागेला पाणी घालताना तुम्ही नळीची धार भिंतीवरून फिरवता. भिंतीवरचा ओला ठिपका डावीकडून उजवीकडे सरकतो. पण पाण्याचा एकही थेंब भिंतीवरून तसा धावलेला नसतो. प्रत्येक थेंब नळीतून निघून सरळ भिंतीवर आलेला असतो. चंद्रावरचा ठिपकाही तसाच. डाव्या कडेवर पडलेला प्रकाश वेगळा आणि उजव्या कडेवर पडलेला वेगळा. दोन्ही आपल्या हातातूनच निघाले आणि दोघांनाही चंद्रापर्यंत जायला सव्वा सेकंदच लागला. डाव्या कडेवरचा माणूस त्या ठिपक्याबरोबर उजव्या कडेच्या माणसाला काहीच पाठवू शकत नाही. वस्तू, धक्का, संदेश यांपैकी काहीही प्रकाशाच्या पुढे गेले नाही.

या नियमामुळे आकाश पाहणे म्हणजे भूतकाळ पाहणे होते. सूर्याचा प्रकाश आपल्याकडे यायला सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात. म्हणून सकाळी आपल्याला दिसतो, तो आठ मिनिटांपूर्वीचा सूर्य. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० मोठ्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. दूरच्या आकाशगंगांमधून लाखो-कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या रेडिओलहरी तेथे टिपल्या जातात. त्या लहरीही प्रकाशाच्याच वेगाने आलेल्या असतात.

दूरच्या कामाला हा नियम मोठ्या धीराची गरज लावतो. ५ सप्टेंबर १९७७ रोजी अमेरिकेने 'व्हॉयेजर १' नावाचे यान सोडले. ते माणसाने बनवलेल्या सर्व वस्तूंमध्ये सर्वांत दूर गेलेले यान आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते एकाएकी निरर्थक संदेश पाठवू लागले. त्याच्या संगणकातील स्मरणाचा एक भाग बिघडला होता. तेव्हा ते यान सुमारे २४०० कोटी किलोमीटर दूर होते. तेथे जाऊन दुरुस्ती करणे अशक्यच होते. शास्त्रज्ञांनी कित्येक महिने विचार करून एक सूचना तयार केली आणि १८ एप्रिल २०२४ रोजी ती यानाकडे पाठवली. सूचना यानापर्यंत पोचायला साडेबावीस तास लागले. उत्तर परत यायला आणखी साडेबावीस तास. एका प्रश्नाचे उत्तर दोन दिवसांनी!

ते दोन दिवस शास्त्रज्ञांनी वाट पाहण्यात काढले. घाई करून उपयोग नव्हता. शेवटी २० एप्रिलला यानाचे उत्तर आले. संदेश पुन्हा नीट वाचता येत होता. सेहेचाळीस वर्षांपूर्वी सोडलेले ते जुने यान पुन्हा बोलू लागले होते.

निसर्गाचा नियम माणसाला मोडता येत नाही. पण तो नियम नीट समजून घेतला, तर त्याच्या मर्यादेत राहूनही फार दूरवर हात पोचवता येतो.